पोटातलं कापड

सर्जनसाहेबांनी टेबलाच्या खणातून ती नळी काढून माझ्या हातात दिली, तेव्हा मला ती बाहुलीची पॅन्टच वाटली. वर एक कंबर, खाली दोन पाय. पांढरीशुभ्र, आणि अंगभर बारीक चुण्या, बाजाच्या पेटीच्या भात्याला असतात तशा. मी सवयीनं अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं. पॉलिएस्टर. इतकी वर्षं टेरिकॉट कापलंय की डोळे बांधले तरी बोटं सांगतात. साहेब म्हणाले, "बरोबर ओळखलंत आप्पा. ह्याला डेक्रॉन म्हणतात. टेरिलीन आणि हे, वस्तू एकच."

२०१६ चा फेब्रुवारी होता. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं शिलाईचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी करायला गेलो होतो. तपासणाऱ्या मॅडम बेंबीच्या वर आल्या आणि तिथंच थांबल्या. परत परत तीच जागा. मग विचारलं, "पोटात ठोके जाणवतात का?" जाणवायचे. रात्री उताणा झोपून बेंबीजवळ हात ठेवला की हात वर-खाली व्हायचा. मला वाटायचं, अंगानं वाळलेल्या माणसाचं असतंच तसं.

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास तिला दोन पायांसाठी दोन फाटे फुटतात. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर, आमच्या हिशेबानं पाऊण इंच. माझी भरली ६.२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच इंच. रोज घालून घालून पॅन्ट गुडघ्यावर ओढली जाते, तिथं फुगा येतो आणि इस्त्री मारली तरी बसत नाही, तसं शिरेच्या भिंतीचं झालं होतं. पुरुषांमध्ये साडेपाच सेंटिमीटरच्या पुढं गेलं की शीर फुटायचा धोका ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा मोठा धरतात. कारण काय, म्हणून विचारलं, तर साहेबांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडं बघितलं. खिशात विडीचं बंडल होतं. सतराव्या वर्षापासून ओढत होतो. ते बंडल तिथल्याच डब्यात टाकलं, त्यानंतर आजपर्यंत विडीला हात लावलेला नाही.

ऑपरेशन इथंच कोल्हापुरात झालं. पोट उभं उघडून, साडेचार तास. फुगलेली शीर कापून टाकत नाहीत. ती उभी चिरतात, आत ही कापडाची पॅन्ट ठेवतात, वरची कंबर चांगल्या शिरेला आणि खालचे दोन पाय दोन फाट्यांना शिवतात, आणि जुन्याच शिरेचं पांघरूण वरून घालून टाके मारतात. धागा निळा, पॉलिप्रॉपिलीनचा, न विरघळणारा. न विरघळणारा का, हे मी आवर्जून विचारलं होतं. साहेब म्हणाले, "शीर आणि कापड कधी एकजीव होत नाहीत आप्पा. वीस वर्षांनीसुद्धा जोड धाग्याच्याच जिवावर असतो." जन्म टाक्यात गेलेल्या माणसाला ह्याचं वजन कळायला वेळ लागला नाही. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

पाच वर्षं छान गेली. जूनचे युनिफॉर्म, नवरात्राची गर्दी, लग्नसराई, सगळं पूर्वीसारखं. वर्षातून एकदा दाखवायला या म्हणून सांगितलं होतं. दोन वर्षं गेलो, मग सोडलं. फाइल माळ्यावर गेली.

२०२१ च्या उन्हाळ्यात संध्याकाळची अंगात कणकण येऊ लागली. कोरोनाचा काळ, सगळ्यांचं लक्ष तिकडंच. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा निगेटिव्ह. कंबर दुखायची, ती मशीनवर बसून दुखते असं धरलं. वजन ६८ किलोवरून ६१ वर आलं, ते काळजीनं उतरलं असं घरात सगळ्यांनीच धरलं. तीन गोष्टींची तीन कारणं आम्ही शोधून ठेवली होती. कारण एकच होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी सकाळी शौचाला काळं झालं. डांबरासारखं, चिकट, आणि वास नेहमीचा नव्हे. एकदाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "अवो, रगात नसंल न्हवं? आजच्या आज दाखवून या." जवळच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी विचारलं, तिखट किती खाता, अंगदुखीच्या गोळ्या घेता का. घेत होतो, कंबरेसाठी. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या आणि तांबडा रस्सा बंद झाला. माझ्या पोटावर छातीखालपासून ओटीपोटापर्यंत उभी शिवण आहे. मी शर्ट वर केला नाही, त्यांनी करायला सांगितला नाही. पाच वर्षांमागं ऑपरेशन झालंय हे मी बोललोच नाही. ते शिरेचं होतं, हे पोटाचं, असं माझ्या डोक्यात. हा दोष माझा आहे आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

आठ दिवसांनी एका दवाखान्यात दुर्बीण घालून तपासलं. जठर स्वच्छ. थोडी सूज आहे, गोळ्या चालू ठेवा. दुर्बीण जिथवर गेली तिथवर खरोखर काही नव्हतं. दुखणं त्याच्या वीतभर पुढं होतं.

आता हे नीट सांगतो, कारण हे लिहायला बसलो ते ह्याच्यासाठीच. जठर संपलं की लहान आतड्याचा पहिला तुकडा लागतो, त्याला ड्युओडेनम म्हणतात. त्याचा तिसरा भाग महाधमनीच्या अगदी समोरून आडवा जातो. मागं कापड, पुढं आतडं. शिरेचा ठोका मिनिटाला सत्तर धरला तरी दिवसाला लाखभर होतात. शर्टाची कॉलर मानेला घासून घासून कशी विरते, ते आमच्या धंद्यात रोज बघतो. इथं विरायचं ते आतडं. म्हणून पहिल्या ऑपरेशनलाच कापड आणि आतडं ह्यांच्यामध्ये काहीतरी अस्तर घालायची धडपड सर्जन करतात. ते कधी कधी अपुरं पडतं. त्यात कापडाला जंतू लागले असले तर काम आणखी लवकर होतं. जंतू कापडावर चिकट थर करून बसतात. जिवंत मांसात रक्त फिरतं, रक्ताबरोबर औषध आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी पोचतात. कापडाच्या धाग्यात रक्त फिरत नाही, त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. म्हणून महिनोन्‌महिने नुसती कणकण, नुसतं वजन उतरणं. आणि मग एक दिवस आतड्याला बारीक भोक पडतं आणि आतडं नि महाधमनी एकमेकांत उघडतात.

पहिल्यांदा ते भोक लहान असतं. थोडं रक्त आतड्यात जातं, गुठळी होते, भोक बुजतं, रक्त थांबतं. माणसाला वाटतं बरं झालं. डॉक्टरांच्या भाषेत हा वर्दी देणारा रक्तस्राव. पुढचा कधी काही तासांत येतो, कधी दिवसांनी, कधी आठवड्यांनी, आणि तो थांबेलच असं नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. ३९ चा आकडा आला की नदीकाठची माणसं जनावरं हलवतात, गाद्या माळ्यावर टाकतात, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडं पोचवतात. पाणी अजून उंबऱ्याला लागलेलं नसतं. तरी 'बघू उद्या' म्हणत कुणी झोपत नाही. ती एक सकाळ माझा ३९ चा आकडा होता, आणि मी गोळी घेऊन दुकान उघडायला गेलो.

त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नदीनं दोन्ही पातळ्या ओलांडल्या. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, पुण्याची वाट बंद झाली. पाऊस थांबत नव्हता. पहाटे साडेतीनच्या सुमाराला मळमळलं म्हणून मोरीत गेलो. उलटी झाली ती लाल. त्यानंतरचं मला आठवत नाही. मुलानं आणि आमच्या तालमीतल्या पोरांनी चादरीच्या झोळीतून उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा ब्लडप्रेशर मशीनला लागत नव्हतं म्हणे.

तिथं ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. दुर्बिणीची तयारी चालली होती. आमची सून दारात उभी होती, ती तिथूनच ओरडली, "मामांच्या पोटात कापड घातलंय! पाच वर्षांमागं! मोठ्या शिरंत!" त्या बाई थबकल्या. परत विचारलं, कसलं ऑपरेशन, कुठं, कधी. आणि दुर्बीण बाजूला ठेवून आधी शिरांचं सीटी स्कॅन करायला पाठवलं. त्यात कापडाभोवती हवेचे बुडबुडे दिसले. ऑपरेशननंतर थोडे दिवस अशी हवा राहू शकते. पाच वर्षांनी तिथं हवा असायचं काहीच कारण नाही, ती आतड्यातूनच आलेली असते. माझा जीव सुनेच्या त्या एका वाक्यावर वाचला, असं मी सगळ्यांना सांगतो. ती ऐकून उठून जाते.

सहा बाटल्या रक्त चढलं. बदली रक्त द्यायला तालमीतली पोरं गुडघाभर पाण्यातून आली. माझ्या नशिबानं गुठळी पुन्हा बसली. ब्लडप्रेशर मुद्दाम फार चढू दिलं नाही, नाहीतर ती निघून गेली असती. हायवे सुरू झाल्याबरोबर मला अँब्युलन्सनं पुण्याला हलवलं. निघायच्या आधी मुलानं माळ्यावरची फाइल काढली. कागदांना कसर लागली होती, पण आत कापडाच्या खोक्यावरचा स्टिकर चिकटवलेला शाबूत होता: १८ बाय ९ मिलीमीटर, कंपनीचा नंबर, तारीख. आणि सर्जनसाहेबांच्या अक्षरातली ऑपरेशनची नोंद. खालचे दोन पाय नेमके कुठं शिवलेत, हे त्या नोंदीवरून कळलं. पुण्याच्या सर्जन मॅडम म्हणाल्या, ह्या एका कागदानं आमचा अंदाजाचा खेळ वाचला.

त्यांनी समोर बसून सगळं सांगितलं, मला आणि मुलाला. जंतू लागलेलं कापड आत ठेवून नुसत्या औषधावर भागत नाही, ते काढावंच लागतं. पण ते काढलं की पायांना रक्त कुठून? काही जणांच्या मांडीतली मोठी शीर काढून तिचीच नवी महाधमनी शिवतात. काही ठिकाणी रिफॅम्पिसिनमध्ये, तेच टीबीचं औषध, भिजवलेलं नवं कापड त्याच जागी बसवतात. माझ्या पोटात पू होता. तिथं परत परकी वस्तू नको, असं त्यांचं मत पडलं. म्हणून उजव्या खांद्याखालच्या शिरेला नवी नळी जोडली आणि ती कातडीखालून, कुशीवरून खाली आणून दोन्ही जांघांतल्या शिरांना दिली. मग पोट उघडून जुनं कापड काढलं, महाधमनीचं तोंड शिवून बंद केलं, आतड्याचं भोक शिवलं. त्या बंद तोंडावर पोटातल्या चरबीची झालर ओढून पक्की केली. तिचं नाव ओमेंटम, पण मॅडमनी माझ्यासाठी झालर हाच शब्द वापरला. नऊ तास लागले. बंद केलेलं तोंड पुढं कधीतरी उसवू शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

पुण्यात ४३ दिवस राहिलो. सहा आठवडे शिरेतून औषधं. पूमध्ये आतड्यातले जंतू निघाले, बुरशीही निघाली. नळीतून थेट आतड्यात पातळ अन्न. वजन ५१ किलो. आमच्या हिनं त्या दिवसांत घरच्या चहाशिवाय कशालाच चव नाही म्हणून दुपारचं जेवण जवळजवळ सोडलंच होतं, हे मला परत आल्यावर शेजारणीकडून कळलं.

तिथं पडून असताना मुलानं मोबाइलवर एक माहिती वाचून दाखवली. १९५० च्या दशकात अमेरिकेत ह्यूस्टनला मायकेल डेबेकी नावाचे सर्जन होते. लहानपणी आईनं त्यांना शिवण शिकवलं होतं. शिरेसाठी नळी करायची म्हणून ते कापडाच्या दुकानात नायलॉन घ्यायला गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानात नवीन आलेलं डेक्रॉन मिळालं, ते घेऊन घरी आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळी शिवली. पुढं दिसून आलं की नायलॉन शरीरात राहून ताकद घालवतं आणि डेक्रॉन टिकतं. २००६ मध्ये, ९७ व्या वर्षी, त्या डॉक्टरांच्या स्वतःच्या महाधमनीतच डेक्रॉन घालायची वेळ आली. फार हाल झाले, पण बरे झाले आणि २००८ मध्ये, शंभरीला दोन महिने कमी असताना गेले. मी मुलाला ते परत वाचायला लावलं. कुणाच्या तरी घरातल्या मशीनवर, कुणाच्या तरी आईनं शिकवलेल्या टिपेवर हे सगळं सुरू झालं, ह्याचं मला रडू आलं. माझ्या आईनंच मला पहिली टीप मारायला शिकवली होती, चिंध्यांवर.

मी घाबरवायला हे लिहीत नाही. ज्यांच्या पोटात असं कापड आहे त्यातल्या बहुतेकांचं ते जन्मभर गप्प राहतं. जंतू लागतात ते शंभरात एखाद-दोघांना. पण तपासणीच्या रांगेत बसलं की ते एखाद-दोघंच भेटतात. शिरोळकडचे एक शेतकरी भेटले. त्यांच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती, ठोके देणारी. गावात गळू समजून कुणीतरी चिरायला निघालं होतं. गळू नव्हतं ते, कापड आणि शिरेचा जोड सैल होऊन आलेला फुगा होता. चिरलं असतं तर तिथंच खेळ संपला असता. गडहिंग्लजचे एक गुरुजी होते, त्यांच्या कापडाचा एक पाय आतून गुठळीनं बंद झाला, तंगडी थंड पडली. आणखी एकांना पोट न उघडता जांघेतून जाळीचं कापड घातलं होतं. त्यांच्यात बाजूनं रक्त झिरपून जुना फुगा परत वाढू शकतो, म्हणून दरवर्षी स्कॅन चुकवायचा नाही.

पाय थंड पडायचा अनुभव मलाही आला, २०२३ च्या दिवाळीआधी. इस्त्री करत उभा होतो, डावा पाय अचानक जड झाला, मग मुंग्या, मग पांढराफटक. कुशीवर हात ठेवला तर नळीचा ठोका होता, पण जांघेत लागेना. ह्यावेळी थांबलो नाही. गुठळी काढायला जितका उशीर, तितका पाय हातचा जातो, सहा तासांच्या आत काम व्हावं असं सांगतात. मी दोन तासांत टेबलावर होतो. पाय वाचला. रक्त पातळ करायची गोळी तेव्हापासून आणखी एक वाढली. जंतूंवरची गोळी तर रोजची आहेच.

नळी कुशीत कातडीच्या लगेच खाली आहे. बोट ठेवलं की धडधड लागते. नात कधी कधी कान लावून ऐकते. नळीवर दाब येऊन चालत नाही, म्हणून उजव्या कुशीवर झोपायचं नाही, पट्टा बांधायचा नाही, घट्ट इलॅस्टिक नाही. मी माझ्या शर्टांना उजव्या बाजूला दीड इंच जादा सैल सोडतो. बाहेरून कळत नाही, दोन्ही बाजू इस्त्रीत सारख्या बसतात. पॅन्ट सोडून नाडीचे लेंगे शिवले, नाडी सुती, रुंद, खांद्यावरून पट्टीनं धरलेली. रांगेतल्या लोकांनी विचारलं, तशी आणखी पाच-सहा जणांना शिवून दिली. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

आणि पिशवी. आमच्या दारामागं खिळ्याला एक जाड मांजरपाटाची पिशवी टांगलेली असते, आतून प्लॅस्टिकचं अस्तर. त्यात सगळी फाइल. बाहेरून एक खिसा, त्यात एक कार्ड, त्यावर मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत: ह्या माणसाच्या अंगात ग्राफ्ट, म्हणजे शिरेची कापडी नळी, आहे, कुठून कुठं आहे, कधी घातलं, किती मिलीमीटरचं, कोणती औषधं चालू. खाली एक ओळ मी स्वतः घातली आहे: शौचाला काळं झालं, रक्ताची उलटी झाली, विनाकारण ताप राहिला किंवा पाय थंड पडला तर आधी ग्राफ्ट बघा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, मला माहीत आहे. तरीही आधी ग्राफ्ट बघा. दात काढायला गेलो तरी पिशवी बरोबर, सर्दीसाठी गेलो तरी बरोबर.

परवा गारगोटीहून एक बाई दुकानात आल्या. त्यांच्या सासऱ्यांचं आठ वर्षांमागं असंच ऑपरेशन झालंय, रांगेतल्या गुरुजींकडून पत्ता घेऊन आल्या होत्या. पिशवीचं माप घेतलं. मग विचारलं, कापड किती मिलीमीटरचं? माहीत नाही. शिवलंय कुठं, पोटातच की जांघेत? माहीत नाही. फाइल? घर बांधताना कुठंतरी गेली. मी म्हटलं, ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा, एका दिवसात नाही मिळाली तर परत जा. उद्याच जाते म्हणाल्या. त्यांची पिशवी शिवून तयार आहे. कार्डाचा खिसाही लावलाय, तो तेवढा अजून रिकामा आहे.